रोज वचन वाचतो, पाठही आहे, मग स्वभाव का बदलत नाही?

धुऱ्यावरची_बाभूळ (दारव्हा तालुका) | रविवार रात्री ९:१२

सर्वांना सलाम. बरेच दिवसांपासून मनात आहे ते आज लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शेतकरी माणूस, साडेचार एकर, कापूस आणि तूर. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणी संडेस्कूलमध्ये सुवर्णवचन म्हणण्यात माझा पहिला नंबर असायचा, स्तोत्र १, २३, ९१, १२१ आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आता मोबाईलवर बायबल आहे, पहाटे पाचला उठतो, वाचतो, प्रार्थना करतो, मग शेतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची सवय बाबांनी लावून दिली होती ती अजून चालू आहे.

मागच्या मंगळवारी ११ तारीख होती. म्हणजे अध्याय ११ वाचला. पहिलीच ओळ खोट्या तराजूची आहे, परमेश्वराला त्याचा वीट आहे म्हणून. वाचलं, पुढे गेलो. संध्याकाळी वेचणीचं माप होतं. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगतो आम्ही, मुलगी वही घेऊन बाजूला बसते, मी आकडा सांगतो ती लिहिते. एका काकूचं गाठोडं लावलं, काटा साडेबावीसवर थांबला. मी म्हटलं बावीस. तोंडातून आपोआप निघालं, विचार सुद्धा केला नाही. मुलीनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहिलं २२.

रात्री जेवताना तिनं हळूच विचारलं, बाबा, काटा साडेबावीसवर होता ना? मी म्हटलं दव असते कापसाला, ओल धरावी लागते. ती गप बसली. दव सकाळी असते. संध्याकाळी पाच वाजता कुठलं दव?

झोप नाही आली मला. सकाळी पाचला वाचलेलं संध्याकाळी पाचपर्यंत सुद्धा टिकलं नाही. ४६ वर्षांचा झालो, ४० वर्षं वचन ऐकतो आहे. डोक्यात जाते ते हातात का उतरत नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा. उपदेश नको, तो भरपूर ऐकला आहे, तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगा.

---

कोथऱ्याचा_जॉन | रविवार रात्री ९:५५

भाऊ, हे लिहायला छाती लागते. आमच्यासाठी पण प्रार्थना करा, आम्ही तर लिहू सुद्धा शकत नाही.

---

निवृत्त_मास्तर (अचलपूर) | सोमवार सकाळी ७:३०

तुमचा प्रश्न वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. मी पाळक नाही, शाळामास्तर होतो, पण हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला आहे म्हणून दोन गोष्टी लिहितो.

रोमकरांस पत्रात १२ व्या अध्यायात दुसरं वचन आहे, मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या. मी कित्येक वर्षं ते "रूपांतर करा" असंच वाचत होतो! चष्मा लावून वाचायचो तरी. "होऊ द्या" आहे ते. मूळ ग्रीकमध्ये पण क्रियापद तसंच आहे, दुसऱ्याकडून घडवून घेण्याचं, आणि एकदाच नाही, होत राहण्याचं. डोंगरावर येशूचं रूप पालटलं तिथे मत्तय आणि मार्क यांनी हाच शब्द वापरला आहे. आता "होऊ द्या" म्हणजे हात बांधून बसा असं नाही. जमीन तुम्ही वखरता, पेरता, डवरता, पण कोंब काही तुम्ही ओढून काढत नाही. शेतकऱ्याला हे मास्तरानं सांगावं हे बरं नाही, तरी सांगतो.

दुसरं. माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत माळी होते. १९५३ साली ती तिथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्या मधल्या काळात. वडील चौथी शिकलेले. तिथल्या एका गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करतो असं जे आहे, त्या हिब्रू शब्दाचा अर्थ डोळे मिटून विचार करणे असा नाही, पुटपुटणे असा आहे. यशयाच्या पुस्तकात सिंह शिकारीवर बसून गुरगुरतो, पारवा घुमतो, तिथेही तोच शब्द आहे. म्हणजे तोंड चालू पाहिजे. वडिलांनी ते इतकं मनावर घेतलं की झाडांना पाणी देताना एकच वचन, एकच, आठ-आठ दिवस पुटपुटत असायचे. आम्हाला लाज वाटायची, लोक म्हणतील म्हातारा बरळून राहिला. पण त्या वचनातून ते बाहेर आले की काहीतरी वेगळे असायचे. एकदा "बोलण्यात धीमा, रागास मंद" हे याकोबाचं वचन धरलं होतं, त्या महिन्यात पाण्याच्या पाळीवरून कोणाशी तरी भांडण झालं आणि त्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की समोरचाच शांत होऊन गेला. मी पाहिलं आहे हे डोळ्यांनी, १२ वर्षांचा होतो.

तुम्ही वाचता फार, असं मला वाटते. रोज अध्याय. अध्याय नका वाचू काही दिवस. ती एकच ओळ घ्या, तराजूची, आणि ती बाभळीखाली घेऊन जा. पहाटे पाचला घरात कोणताच काटा नसतो हो, काटा संध्याकाळी असतो. वचन तिथे पाहिजे.

---

वेचणारीची_लेक | सोमवार दुपारी २:१८

दादा मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही, पण लिहीनच. मी आता मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे, माझी माय ३० वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेली. मायले गाठोडं डोक्यावर घेतलं की किलो समजायचे. घरी येऊन म्हणायची, आज तेवीस होता, एकवीस लिहिला. कोणाले सांगू? दुसऱ्या दिवशी त्याच वावरात जायचं असते ना. अर्धा किलो म्हणजे तुम्हाला वाटते पाचेक रुपये. पण दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून वेचते बाई, बोटाला बोंडाची टोकं लागून चिरा पडतात, तो अर्धा किलो तिच्या घामाचा असते.

तुम्ही वचन डोक्यातून हातात कसं उतरवायचं विचारता. आधी त्या काकूच्या घरी जा. मास्तरांचं पुटपुटणं चांगलं आहे पण पुटपुटत जा, बसून नको.

अजून एक सांगते, कारण लोकं बायबलमधलं जसंच्या तसं धरतात आणि माणूस पाहत नाहीत. अनुवाद नावाच्या पुस्तकात २४ व्या अध्यायात आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव त्यात आहे. आमच्या गावात एका शेतकऱ्यानं हे वाचून रोजच्या रोज पैसे द्यायला सुरुवात केली, मनापासून केली. आणि चार बायका त्याच्याकडे गेल्या, त्यात माझी माय पण, म्हणाल्या बापू आमचे पैसे बाजाराच्या दिवशीच देत जा, रोज घरी नेले तर रात्री दारूत जातात. त्यानं काय केलं, प्रत्येकीला विचारलं तुला कसं पाहिजे, वहीत तसं लिहून ठेवलं. कोणाला रोज, कोणाला बाजाराच्या दिवशी. मला तर वाटते त्यानंच ते वचन बरोबर पाळलं. माणसाचा जीव कशात आहे ते विचारून.

---

केडगावच्या_आजीची_नात | सोमवार सायंकाळी ६:०५

भाषेचं पण आहे थोडं. "नवीकरण" हा शब्द माझ्या आईला कळत नाही, ती ऐकून घेते फक्त. माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, ती सांगायची की पंडिता रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं याच कामात घातली, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायचं, गावातल्या बाईला वाचता येईल असं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या पण तिथल्याच बाया. काम पूर्ण झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

मी एक करून पाहिलं आहे, ज्या भाषेत आपण रागावतो त्या भाषेत वचन म्हणून पाहायचं. पुस्तकी मराठीत ते लांब उभं राहते. आपल्या बोलीत म्हटलं की अंगावर येते. तुमच्या मुलीला सांगा ती ओळ वऱ्हाडीत करायला.

---

मोझरीकर | सोमवार रात्री ८:४०

मी ख्रिस्ती नाही, गुरुदेव भक्त आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वडिलांनी ग्रामगीतेची कित्येक पारायणं केली, ओव्या तोंडपाठ, आणि सामुदायिक प्रार्थनेला पहिले हजर. पण धाकट्या भावाशी १९ वर्षं बोलले नाहीत. शेवटच्या आजारपणात बोलले, दोन दिवस. तेव्हा तुमचा प्रश्न आमच्याही घरचा आहे भाऊ.

एक मनापासून विचारतो. तुमच्यात पारायणासारखं पुण्य मानतात का, की इतकं वाचलं म्हणजे इतकं मिळालं?

---

निवृत्त_मास्तर | सोमवार रात्री ९:१५

मोझरीकर, फार चांगलं विचारलंत. शिकवण म्हणून नाही मानत. उलट याकोब लिहितो की नुसतं ऐकणारा हा आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या माणसासारखा आहे, आपण कसे दिसत होतो ते लगेच विसरतो. पण सवयीनं मात्र मानतो आम्ही, खोटं कशाला बोलू. अध्याय झाला की बरं वाटते, काहीतरी जमा झाल्यासारखं. तुमच्या वडिलांचं वाचून मन भरून आलं. दोन दिवस तरी मिळाले.

---

खिडकीपाशी_बसलेला | मंगळवार रात्री ११:३२

मी वेगळं लिहिणार आहे. माझे वडील मंडळीत वडीलजन होते, म्हणजे पंच. बायबल त्यांच्याइतकं कोणाला येत नव्हतं. कलस्सैकरांस पत्र ३:२०, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा, हे मी पट्ट्याच्या मारासोबत पाठ केलं आहे. अक्षरशः, एक शब्द एक फटका. १९ वर्षांचा झालो, नागपूरला खोली करून राहिलो, एका रात्री सहज ते पान उघडलं आणि खालची ओळ वाचली, ३:२१. बापांनो, आपल्या मुलांना चिडीस आणू नका, ती खिन्न होतील. बापाले वीस पाठ होतं, एकवीस त्याच पानावर होतं, दोन ओळी खाली, आणि ते त्यांना कधी दिसलंच नाही. मी खूप रडलो त्या रात्री.

म्हणून कोणी म्हणते वचनानं माणूस घडते तर मी लगेच हो म्हणत नाही. आमच्या घरी वचन नेहमी दुसऱ्यासाठी होतं. माणूस तेच वाचते जे दुसऱ्याला लागू पडते. धागावाल्या भाऊंचं मला एवढंच आवडलं की त्यांनी ११:१ स्वतःला लावलं, व्यापाऱ्याला नाही लावलं. कापूस विकताना व्यापारी किती मारतो काट्यावर हे त्यांना लिहिता आलं असतं, ते खरंही असते, पण त्यांनी लिहिलं नाही.

मी आज दोन मुलांचा बाप आहे. ३:२१ कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे, जिथे आमच्या घरी पट्टा टांगलेला असायचा त्या उंचीवर. तरी हात उचलला जातो कधी कधी. मग मुलांना म्हणतो, मला ते वाचून दाखवा. मोठा वाचतो. त्याला वाचताना पाहून मला जे होते ते मी इथे लिहू शकत नाही.

---

वेचणारीची_लेक | मंगळवार रात्री ११:५०

दादा तुम्ही रात्री अकराला हे लिहिलं, झोपा आता. देव तुमच्या घराले सांभाळो.

---

पुस्तकवेडी_वर्धा | बुधवार सकाळी १०:२०

थोडं वेगळं, पण आपल्याच भागातलं आहे म्हणून. रेव्हरंड टिळकांची गोष्ट माहीत असेल, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक पेन्सिल घेऊन वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, मत्तय ५ ते ७, तिथून पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईला बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. पण लक्ष्मीबाईंचं स्मृतिचित्रे वाचा, टिळकांचा तापट स्वभाव काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. आणि लक्ष्मीबाईंचं स्वतःचं सोवळं, ते नवऱ्याजवळ परत आल्यावरही चालूच होतं, वेगळी चूल, वेगळं पाणी. हळूहळू सुटलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मला यातून धीर मिळतो. इतक्या मोठ्या माणसांनाही वर्षं लागली, आणि त्यांच्या घरातल्या माणसानं ते लपवलं नाही.

---

धुऱ्यावरची_बाभूळ | पुढच्या रविवारी रात्री १०:०४

सर्वांचं वाचलं, दोन-तीनदा वाचलं. आठ दिवस अध्याय बंद ठेवले. मुलीनं वऱ्हाडीत करून दिलं, "खोटा काटा देवाले खपत नाही." तेच पुटपुटत राहिलो, बैलांना पाणी पाजताना, मोटार चालू करताना. तिसऱ्या दिवसापासून माझी मलाच भीती वाटायला लागली.

गुरुवारी काकूच्या घरी गेलो, मुलीला सोबत घेतलं. ती अंगणात लाकडं फोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, काकू, त्या मंगळवारी तुमचा काटा मी अर्धा किलो कमी सांगितला. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली,

"मंगळवारचाच का?"

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारलं तिनं. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वह्या काढल्या, तीन हंगामांच्या. १८, २१, २४, १९, २६. पानंच्या पानं. एकाही ओळीत साडे नाही. तीन वर्षांत कोणत्याच बाईचं गाठोडं साडेवर थांबलं नसेल का? माझंच अक्षर, मुलीचं अक्षर, आणि मला वाटत होतं की मंगळवारी एकदा चूक झाली.

बायकोनं आणि मी बसून प्रत्येक ओळीला अर्धा किलो धरून हिशोब केला, तूर विकली की सगळ्यांना देतो. सांगून आलो प्रत्येकीला. दोघींनी ऐकून घेतलं, एकीनं दार लावून घेतलं, बाकीच्या म्हणाल्या राहू द्या. राहू नाही देणार.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार सकाळी ६:५०

भाऊ, वाचून हात जोडले. बोलू की नको असा विचार करत होतो, पण तुम्ही उपदेश नको म्हणालात, अनुभव मागितलात, म्हणून लूकमधला एका माणसाचा अनुभवच आठवण करून देतो. जक्कयानं चौपट परत देईन म्हटलं. आणि येशूनं त्याला चौपट दे असं सांगितलं नव्हतं, नुसता त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. ते त्याच्या आतून निघालं. मी तुम्हाला चौपट द्या म्हणत नाही. आतून अजून काही निघते का ते मात्र पाहा.

---

धुऱ्यावरची_बाभूळ | सोमवार रात्री ११:२०

मास्तर, निघालं. माझं इथलं नावच पाहा ना. धुऱ्यावरची बाभूळ.

ती बाभूळ आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होती. आता माझ्या वावरात आहे. बाजूचं शेत चुलतभावाचं, माझ्यापेक्षा मोठे, दादा म्हणतो मी त्यांना. ११ वर्षं झाली, दरवर्षी वखर मारताना धुरा थोडासा कोरायचो, एक वीत, कधी त्याहून कमी. ११ वर्षांत तीन तास, म्हणजे पिकाच्या तीन ओळींची जागा, माझ्याकडे आले. हद्दीचा दगड माझ्या तुरीत उभा आहे, तूर वाढली की दिसत नाही. दादांना माहीत आहे. त्यांनी दोनदा विषय काढला, मी मोजणी आणा म्हणून आवाज चढवला, मोजणीला पैसे लागतात, त्यांच्याकडे नव्हते, हे मला माहीत होतं. सहा वर्षांपासून बोलणं नाही.

अनुवाद २७ मध्ये शापांची यादी आहे, शेजाऱ्याची हद्द सरकवणारा शापित, आणि सर्व लोकांनी आमेन म्हणावं. एकदा उपासनेत तो भाग वाचला गेला होता. मी मोठ्यानं आमेन म्हणालो होतो. दादा दोन बाक मागे बसले होते.

जाईन म्हणतो. प्रार्थना करा.

---

खिडकीपाशी_बसलेला | मंगळवार पहाटे ५:१०

करतो आहे.

---

मोझरीकर | जून महिना, रविवार

धागा वर काढतो आहे. बाभूळवाले भाऊ, मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या. तुमचं काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं. आमच्या वडिलांची आठवण आली की तुमची येते.

---

धुऱ्यावरची_बाभूळ | जून, मंगळवार रात्री ९:३०

मोझरीकर भाऊ, आठवण ठेवली, आभारी आहे. लिहायला तोंड नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

डिसेंबरमध्येच गेलो होतो दादांकडे. सगळं सांगितलं, तीन तास, दगड, मोजणीचं. ते ओसरीत बसले होते, ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "हे माय होती तवा सांगायले पायजे होतं." दादांची माय, माझी काकू, मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तिच्या जीवाला लागून होतं ते, म्हणायची म्हणे की वावर आपलं बारीक होऊन राहिलं. दादा उठून आत गेले. मी बराच वेळ बसून होतो, मग आलो घरी. आतापर्यंत बोलणं नाही. पाळक म्हणाले माफी मागणं तुझं काम, देणं त्यांचं, त्याला तारीख लावू नको. लावली नाही.

तूर विकली तेव्हा बायांचे पैसे दिले. जिनं दार लावलं होतं तिनं घेतले, मोजले, पुन्हा मोजले.

यंदा तिफन दगडाच्या अलीकडून वळवली. तीन तास सोडले. दादांनी पण सरकलेल्या धुऱ्यापर्यंतच पेरलं, पुढे आले नाहीत. ते तीन तास तसेच पडून आहेत, पाऊस झाला तशी हराळी वर आली. काल संध्याकाळी दादांची बैलजोडी तिथे चरत होती, माझ्या पेरणीला अगदी लागून. आधीचा मी असतो तर दगड मारला असता. उभा राहिलो, पुटपुटत होतो काहीतरी, बैल चरून गेले.

---

वेचणारीची_लेक | जून, मंगळवार रात्री १०:०२

दादा, ती काकू येणार का यंदा वेचायला?

---

धुऱ्यावरची_बाभूळ | जून, मंगळवार रात्री १०:१५

हो म्हणाली. वही पोरीजवळ राहू द्या म्हणे, काटा मी वाचीन.